पाणी आल्यावर कोणाचे काय झाले : सोलापूर ते संगमनेर

सोमवार : शिरापूर

पुढील वर्षी एका उपसा सिंचन योजनेचे पाणी ज्या गावांच्या शिवारात पोहोचणार आहे, त्या गावांची पायाभूत पाहणी करण्याचे काम आमच्या गटाकडे आले आहे. पाणी येण्याआधी घरोघरी काय परिस्थिती होती हे वेळेवर नोंदवून ठेवले नाही, तर दहा वर्षांनी योजनेमुळे किती फरक पडला या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. मग जो तो आपल्या सोयीची 'पूर्वीची परिस्थिती' सांगू लागतो. म्हणून प्रश्नावली पक्की करण्यापूर्वी, शेतीतील सुधारणांचा परिणाम जिथे कोणी ना कोणी चिकाटीने मोजून पाहिला आहे, अशी काही गावे पाहून यावीत असे ठरले. सोबत माझी तरुण सहकारी आहे. ती संख्याशास्त्र शिकलेली आहे आणि बार्शीकडच्या शेतकरी कुटुंबातली आहे, त्यामुळे आकड्यावर तिचा विश्वासही आहे आणि आकडा सांगणाऱ्यावर संशयही.

पहिले गाव मोहोळ तालुक्यातील शिरापूर. हैदराबादजवळ पटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने कोरडवाहू शेतीचा अभ्यास करण्यासाठी १९७५ मध्ये सहा गावे निवडली. त्यांतली दोन सोलापूर जिल्ह्यातली, दोन अकोल्याची आणि दोन तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्याची होती. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली गेली : दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान शेतकऱ्यांची, दहा मध्यमांची आणि दहा मोठ्यांची. लहान कोणाला म्हणायचे आणि मोठे कोणाला, याची मर्यादा सगळीकडे एकच ठेवली नव्हती, ती त्या त्या गावातील जमीनधारणा पाहून ठरवली गेली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण सोलापूरच्या माळरानावरील दहा एकरांचा धनी आणि पाटाखालच्या दहा एकरांचा धनी यांना एकाच रकान्यात बसवले, की पुढचे सारे गणितच वाकडे होते.

या पाहणीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे माहिती गोळा करणारे पदवीधर तरुण गावातच राहत असत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी पुन्हा जात असत. मारुतीच्या पारावर भेटलेल्या एका वयोवृद्ध काकांना ते दिवस आठवत होते. "आमाला वाटायचं, सरकारचा माणूस हाय, कर लावील. म्हून आमच्या आबानं पयल्या खेपंला बैल एकच सांगितला," ते म्हणाले. "पण त्यो मास्तर गावातच ऱ्हायचा. रोज सकाळी आमच्या गोठ्यावरनंच जायचा. दुसऱ्या म्हैन्यात इचारलंसुदिक न्हाई, आपला आपणच दोन बैल ल्हिले." सहकारी हसली आणि तिने वहीत काहीतरी टिपले. वर्षातून एकदा गाडीतून येऊन तासाभरात प्रश्नावली भरून नेणाऱ्या पाहण्यांत असे किती बैल कमी लिहिले जात असतील, याचा हिशोब कोणी करीत नाही.

१९७५ ते १९८५ या काळातील या नोंदी जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी वापरल्या. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिरापूरसह तीन गावांची आकडेवारी घेऊन असे दाखवले, की एखाद्या घराचे उत्पन्न त्या वर्षी बुडाले तरी त्याचे खाणेपिणे त्या प्रमाणात घटत नाही. घराचा खर्च स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर अधिक वरखाली होतो, म्हणजे उसनवार, सोयरेधायरे, सावकार, मजुरी अशा वाटांनी गाव एकमेकांचा धक्का वाटून घेते. मात्र हे कवच सर्वांना सारखे मिळत नव्हते, भूमिहीनांना ते कमी मिळत होते. नुसते उत्पन्न मोजणाऱ्याच्या हातून ही गोष्ट निसटली असती.

आज शिरापुरात उजनीच्या पाण्यावरचा ऊस दिसतो. मूळ पाहणी जिराईत गावाची होती आणि नंतरचे गाव बागाईत झाले, त्यामुळे इथे पूर्वीच्या आणि नंतरच्या दोन्ही बाजू नोंदलेल्या सापडतात, अशी अपेक्षा घेऊन मी आलो होतो. काकांच्या घरापाशी ती अपेक्षा थोडी डळमळली. १९७५ साली ज्याला एक कुटुंब म्हटले त्याची आता चार खातेफोडी झालेली घरे आहेत : एक भाऊ ऊस लावतो, एकाने वाटणीची जमीन विकून मोहोळमध्ये दुकान टाकले, एक पुण्याला गेला आणि चौथा दोघांची शेती वाट्याने करतो. इक्रिसॅटने २००१ पासून पाहणी पुन्हा सुरू केली तेव्हा जुन्या कुटुंबांतून फुटलेली घरेही यादीत घेतली, हे योग्यच झाले. तरीही 'या कुटुंबाचे उत्पन्न किती वाढले' या प्रश्नात 'हे कुटुंब' म्हणजे नेमके कोण, हे आमच्या प्रश्नावलीत पहिल्याच पानावर लिहावे लागणार आहे. पुण्याला गेलेल्या भावाने दरमहा धाडलेल्या पैशातून विहिरीवर मोटर बसली असेल, तर ते यश कालव्याच्या खाती जमा करायचे की कंपनीतल्या नोकरीच्या?

मंगळवार : कळमण

उत्तर सोलापूर तालुक्यातील कळमण हे सोलापूरचे दुसरे अभ्यासगाव. फेब्रुवारी सुरू असल्याने रब्बी ज्वारीची काढणी ऐन भरात होती. काळ्या रानात मालदांडीच्या काढलेल्या ताटांच्या ओळी पसरल्या होत्या आणि एका बाजूला बायका कणसे मोडत बसल्या होत्या. हिच मालदांडी १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडून काढली गेली आणि 'एम ३५-१' या नावाने पुढे सारा दख्खन व्यापून राहिली. त्यानंतर कितीतरी सुधारित वाण आले. खरिपात संकरित ज्वारीने मुसंडी मारली, परंतु रब्बीत या जुन्या वाणाला हटवणे अजून पुरते कोणाला जमलेले नाही.

त्याचे कारण इथल्या बांधावर उभे राहिल्यावरच कळते. एका शेतकऱ्याच्या खर्चाचा हिशोब आम्ही आमच्या कच्च्या प्रश्नावलीप्रमाणे मांडला : नांगरट, पाळी, बियाणे, पेरणी, काढणी, मळणीयंत्राचे भाडे, घरच्या माणसांची मजुरी, आणि समोर धान्याचे पोते गुणिले बाजारभाव. हिशोबाप्रमाणे गृहस्थ तोट्यात निघाले. ते शांतपणे म्हणाले, "आणि कडबा?" कडबा आम्ही 'इतर उत्पन्न' या शेवटच्या ओळीत टाकला होता आणि त्यांनी तो विकला नसल्यामुळे तिथे शून्य लिहिले होते. त्यांच्या दावणीला दोन म्हशी आणि एक बैलजोडी होती, आणि मे अखेरपर्यंतचा त्यांचा चारा त्या गंजीत होता. शेकड्याच्या भावाने त्या पेंढ्यांची किंमत धरली, तेव्हा तोटा भरून निघून वर काही उरले. शिवाय दुधाच्या उत्पन्नात वैरणीचा खर्च लिहायचा, तर तोच कडबा तिथे खर्चाच्या बाजूने आला पाहिजे; नाहीतर म्हशी फुकट जगतात आणि ज्वारी तोट्यात जाते, असे चमत्कारिक गाव कागदावर तयार होते.

हे मी थोडे विस्ताराने लिहितो, याचे कारण पाणी आल्यानंतर नेमकी हिच ज्वारी मागे हटणार आहे. तिच्या जागी ऊस आला म्हणजे एकरी रोकड उत्पन्न वाढलेले दिसेल यात शंका नाही, परंतु ज्वारीबरोबर घरचे धान्य आणि कडबा दोन्ही जातील, आणि ज्याच्याकडे ऊस नाही पण शेळी-म्हैस आहे, त्याला चारा विकत घ्यावा लागेल. पायाभूत पाहणीत कडब्याला शून्य लिहिले, तर दहा वर्षांनी सिंचनाचा लाभ वाजवीपेक्षा फुगलेला निघेल, आणि तो कोणी मुद्दाम फुगवला असे म्हणताही येणार नाही.

कणसे मोडणाऱ्या बायकांपैकी एका मावशींची जमीन नाही. त्यांना सहकारीने छापील प्रश्न विचारला : मागील वर्षी शेतमजुरीचे किती दिवस काम मिळाले? मावशींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की प्रश्न तिथेच बाद झाला. मग त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सांगायला सुरुवात केली. मृगानंतर तूर-उडदाची खुरपणी, मग कांदालागण, दिवाळीनंतर कांदाकाढणी, ती उक्ती, मग ज्वारी, ज्वारीत पैसे कमी पण पेंढ्या मिळतात म्हणून शेळी जगते. चैत्र-वैशाखात काही नाही. कामावरून काम अशी साखळी लावली तेव्हा त्यांना दिवसही आठवले, दरही आठवले आणि कोणाच्या रानात किती बायका होत्या हेही आठवले. सोलापूरची बाजार समिती कांद्याची मोठी बाजारपेठ असल्यामुळे या भागात कांद्याच्या कामाला बरी मजुरी मिळते, असे त्या म्हणाल्या. मात्र बाप्यांची मळणीची कामे यंत्राने गेली, हे सांगताना त्यांच्या आवाजात खेद नव्हता. "बरंच झालं की, भुसा नाकातोंडात जायचा," त्या म्हणाल्या.

सायंकाळी सोलापुरात परतून भूमिहीनांसाठीचे पान नव्याने लिहिले. आता त्यात महिने नाहीत, कामे आहेत.

बुधवार : टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर

आजचा दिवस प्रवासाचा. टेंभुर्णीजवळ भीमेवरील उजनी धरण आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने सोलापूर जिल्ह्याच्या शेतीचे रूप पालटले हे खरे, आणि त्याच्या जलाशयाखाली करमाळा-इंदापूर भागातील गावे गेली हेही तितकेच खरे. लाभक्षेत्राची पाहणी करणारे आम्ही सर्वजण धरणाच्या खालच्या बाजूला उभे राहून मोजतो. बुडितातील कुटुंबांचा हिशोब दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या कागदावर असतो आणि दोन्ही कागद एकत्र शिवण्याचे काम कोणाकडेच नसते.

करमाळ्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांमागे आम्ही बराच वेळ अडकलो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे, आणि रस्त्याच्या कडेला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या. या टोळ्या बहुतेक बीड जिल्ह्यातून येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत तो कोयता चालू राहतो. शिरापूरच्या उसाचा नफा शिरापूरच्या पाहणीत येईल. तो ऊस तोडणारे घर मात्र त्या गावचे रहिवासी नसल्यामुळे नमुन्यात येणार नाही, आणि बीडमधल्या त्याच्या गावी पाहणी झाली तर तिथे ते 'स्थलांतरित, घर बंद' असे नोंदले जाईल. सहकारीने सुचवले, की आपल्या गावांत हंगामात उतरणाऱ्या टोळ्यांची निदान शिरगणती तरी करावी, मुलांसकट. त्याला खर्च लागेल. मंजूर अंदाजपत्रकात तशी तरतूद नाही, पण मी ते मान्य केले आहे.

वाटेत १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. इक्रिसॅटच्या नोंदींवरून पुढे असे दिसले, की हमीची कामे असलेल्या महाराष्ट्रातील गावांत भूमिहीनांचे उत्पन्न आंध्रातील गावापेक्षा वर्षागणिक कमी हेलकावे खात होते. सरासरी उत्पन्नापेक्षा त्यातील चढउतार हाही विकासाचा मापदंड असतो, आणि गरिबाला तो अधिक जाणवतो. तो काढायचा तर मात्र एका वर्षाची पाहणी पुरत नाही.

गुरुवार : हिवरे बाजार

शिरापुरात संशोधक गावाला मोजत होते, हिवरे बाजारात गाव स्वतःला मोजते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीला पुढे शेतीसाठी बोअरवेल घेण्यावरील बंदी जोडली गेली, आणि ऊस व केळी यांसारख्या पाणीखाऊ पिकांना गावाने नकार दिला. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सर्व मराठी वाचकांना ठाऊक आहे, आणि गाव पाहायला येणाऱ्यांची रीघ अजूनही असते.

मला पाहायचा होता तो पाण्याचा ताळेबंद. पावसाची नोंद, गावाचे सुमारे ९७७ हेक्टर क्षेत्र, त्यातून जमा किती, वाहून किती गेले, मुरले किती. मग पिण्याचे पाणी आणि जनावरे यांचा वाटा आधी वेगळा काढून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची याचा निर्णय ग्रामसभेत. गणित शाळेतल्या मुलालाही जमावे असे आहे : एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर दहा हजार लीटर पाणी टाकतो, म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात या शिवारावर सुमारे ९८ कोटी लीटर पाणी पडते. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळी पिकांना कात्री लागते आणि ती सर्वांना लागते. मोजमाप आणि निर्णय यांच्यामध्ये इथे अहवाल नाही, संचालक नाही, मंजुरीची फाईल नाही. म्हणूनच बहुधा आकडे दरवर्षी काढले जातात. ज्याचा उपयोग नाही असा आकडा कोणतेही गाव फार वर्षे काढणार नाही.

गावाचे प्रसिद्ध झालेले आकडे मात्र मी जरा थांबून वाचतो. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे होती, नंतर तीन उरली, असे सांगितले जाते. दरडोई वार्षिक उत्पन्न १९९५ च्या ८३० रुपयांवरून २०१२ च्या सुमारास २८ हजारांवर गेले, असेही छापून आले आहे. म्हणजे चौतीसपट. परंतु त्या सतरा वर्षांत भाववाढही झाली; ग्राहक किंमत निर्देशांक साधारण तिप्पट झाला असे धरले, तर खरी वाढ अकरापटींच्या आसपास येते. अकरापट वाढ हीसुद्धा थक्क करणारीच आहे, तिला चौतीसचा मुलामा देण्याची काही गरज नव्हती. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पाणलोटाची कामे, दारूबंदी, बोअरबंदी, शाळा, खंबीर नेतृत्व आणि शासनाच्या योजनांचा एकत्रित ओघ हे सारे इथे एकाच काळात घडले. यांतल्या कशामुळे किती वाढ झाली हे वेगळे काढण्यासाठी, सुरुवातीला अगदी असेच असलेले आणि यांपैकी काहीच न झालेले दुसरे गाव तेव्हापासूनच नोंदीत ठेवायला हवे होते. ते कोणी ठेवले नाही, आणि गाव उभे करणाऱ्यांकडून ती अपेक्षा करणेही चूक आहे.

दुपारी एका ताईंच्या ओट्यावर चहा झाला. त्यांच्या सासरे-दिरांनी पूर्वी मजुरीसाठी गाव सोडले होते आणि नंतर ते परतले. फरक कशात पडला असे विचारल्यावर त्यांनी दुधाचा उल्लेख आधी केला, विहिरीचा नंतर. "विहिरीचं पाणी कमीजास्त होतं. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात आणि ते माझ्या हातात येतात," एवढेच त्या बोलल्या. आमच्या प्रश्नावलीत उत्पन्न कोणत्या पिकातून हे होते, ते कोणाच्या हातात पडते हे नव्हते.

शुक्रवार : लोणी

प्रवरेच्या खोऱ्यात येण्याचा हेतू निराळा होता. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. गोदावरीचे कालवे त्याच्याही आधीचे. या कालव्यांनी कोपरगाव-राहाता-श्रीरामपूरचा मुलूख बागाईत केला. त्याचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ किती, याची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३० च्या दशकाच्या अखेरीस केली आणि तिचा अहवाल १९४८ साली बाहेर आला. कालव्याने सरकारी तिजोरीत पाणीपट्टी किती आली, एवढ्यावरच तोवर सिंचनाचा हिशोब संपत असे. गाडगीळांनी शेतकऱ्याची वाढलेली मिळकत, वाढलेली मजुरी, व्यापार, वाहतूक हे सारे धरून समाजाला एकूण काय मिळाले असा प्रश्न विचारला. परिणाम मोजण्याच्या आजच्या सगळ्या पद्धतींची नाळ भारतापुरती तरी या खोऱ्याशी जोडलेली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

याहून रंजक भाग पुढचा आहे. कालव्याचे पाणी होते, ऊस होता, पण कारखाने खाजगी होते आणि कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी त्या कारखान्यांकडे खंडाने गेल्या होत्या. सिंचनाचा लाभ मोजायला गेले, तर एकरी आकडा मोठा दिसे आणि जमिनीचा मूळ मालक मात्र खंडाच्या बेताच्या रकमेवर असे. या खंडकऱ्यांच्या जमिनी पुढे कमाल धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळण्याचा लढा एकविसाव्या शतकापर्यंत चालला. दुसरीकडे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारण्याचा घाट घातला, आणि १९५० साली पहिला गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा त्या कारखान्याचे अध्यक्ष होते स्वतः गाडगीळ. ज्याने लाभ मोजला, तोच लाभ शेतकऱ्याच्या घरी वळवणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला.

यावरून आमच्यात वाद झाला. सहकारीचे म्हणणे असे, की मोजणाऱ्याने असे पक्षकार होऊ नये. पुढची पाहणी त्याच्याकडे दिली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवील? माझे म्हणणे असे, की पाण्याचा लाभ होतो परंतु तो कुठे अडतो हे ज्याला पाहणीतून कळले, त्याने अहवाल छापून हात झटकले असते तर ते अधिक खटकले असते. दोघांनीही आपापली बाजू सोडली नाही. गाडगीळांच्या काळात परिणाम-मूल्यमापन हा स्वतंत्र धंदा नव्हता, हे मात्र दोघांनाही मान्य होते.

परतताना कालव्यालगतच्या काही पट्ट्यांत पांढरट फुललेली जमीन दिसली. अतिसिंचनाने पाणी साचून जमिनी चोपण होणे हे दख्खनच्या कालव्यांवरचे जुने दुखणे आहे, आणि त्यावर उपाय म्हणून इंग्रजी अमदानीतच ठरावीक तुकड्यांनाच मापाने पाणी देणारी ब्लॉक पद्धत आणली गेली. कालवा सुरू झाल्यावर पाच वर्षांनी पाहणी केली तर हा पांढरा थर दिसत नाही. चाळीस वर्षांनी केली तर नजरेतून सुटत नाही. आमच्या करारात पाहणी तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी आहे. निदान मातीचे नमुने आणि विहिरींची पातळी आजच नोंदवावी, म्हणजे पुढे कोणी आले तर त्याला धागा सापडेल, एवढे आमच्या हाती आहे.

शनिवार : कुंभारवाडी आणि परतीची वाट

संगमनेर तालुक्याचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत मोडतो. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) या संस्थेने या टापूत बरेच काम केले. कुंभारवाडीतील पाणलोटाचे काम १९९८ ते २००२ या काळात झाले, आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २०१३ मध्ये त्या कामाची किंमत पैशांत मांडली. एका छोट्या गावाच्या माती-पाण्याच्या कामाचे इतके बारकाईने केलेले आर्थिक मूल्यांकन विरळाच. पंधरा वर्षांतील निव्वळ लाभ सुमारे ५१ ते ७४ लाख डॉलर, लाभ-खर्चाचे गुणोत्तर २.२८ ते ३.७६. एकच आकडा न छापता दोन टोके छापली, याबद्दल करणाऱ्यांना दाद दिली पाहिजे.

त्या हिशोबात पिके व पशुधन तर होतेच, शिवाय चारा, जळण, टँकरचा वाचलेला खर्च, पाण्यासाठीची वाचलेली पायपीट, टळलेले स्थलांतर आणि झाडांनी शोषलेला कार्बनही होता. मुलांचे शिक्षण, आहार, बायकांची गावातील पत यांना पैशांत बसवता आले नाही, हेही त्यांनी नमूद केले. याच अभ्यासात लाभ दर कुटुंबामागेही काढला आहे : किमान सुमारे २९,६५० डॉलर. मला अडचण वाटते ती इथे. ही एकूण रकमेला कुटुंबसंख्येने दिलेली भागणी आहे. टेकडीच्या पायथ्याला विहीर असलेल्याला आणि माथ्यावर चार वर्षे चराईबंदी सोसलेल्याला ती सारखीच रक्कम देते.

ही शंका काही माझी एकट्याची नव्हे. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातील ८६ गावांच्या पाहणीवरून आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने २००२ मध्ये असेच दाखवले होते, की लोकसहभागाचे प्रकल्प नुसत्या अभियंत्यांच्या प्रकल्पांपेक्षा सरस ठरले, परंतु चराईबंदीचा भार बहुतेक वेळा भूमिहीन आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर पडला. गावाबाहेर एका वाडग्यापाशी भेटलेल्या मेंढपाळ बाबांना आम्ही विचारले, की पाणलोट झाल्याने तुम्हाला काय मिळाले? ते म्हणाले, "आता पाणी हाय, उन्हाळ्यात लांब जावं लागत न्हाई. पण तवा मेंढरं निम्मी इकली, ती पुन्हा तितकी झाली न्हाईत." लाभही खरा, तोटाही खरा, आणि दोन्ही एकाच माणसाचे. निव्वळ आकडा काढताना ही दोन वाक्ये एकमेकांतून वजा होतात.

संगमनेरहून पुण्याकडे येताना चंदनापुरी घाट ओलांडेपर्यंत बहुतेक बदल ठरून गेले होते. भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे या चारही गटांचे निकाल वेगवेगळे छापायचे, गावाची सरासरी शेवटच्या पानावर ठेवायची. पाणी न मिळणारी चार शेजारची गावे पहिल्या दिवसापासून नोंदीत घ्यायची. कडबा, वाढे आणि घरचे धान्य यांना बाजारभावाने किंमत धरायची. पैसा कोणाच्या हातात पडतो याचा रकाना जोडायचा. वाद उरला तो एकाच ठिकाणी. पाणी भरण्यात बाईचे जे तास जातात त्यांना कोणता दर लावायचा? सहकारीच्या मते किमान वेतनाचा, कारण तास हा तास आहे. माझ्या मते त्या तासांत तिला गावात प्रत्यक्ष जी मजुरी मिळाली असती तिचा, कारण चैत्र-वैशाखात काम नसतेच हे मावशींनी सांगितले होते. त्यावर सहकारीने विचारले, की काम नसते म्हणून तिचे चालणे फुकट धरायचे का? नारायणगाव मागे पडेपर्यंत मला त्यावर पटण्यासारखे उत्तर सुचले नाही. शेवटी दोन्ही दरांनी बेरजा करायच्या आणि अहवालात दोन्ही छापायच्या असे ठरले, आणि सहकारीने त्या रकान्याचे दोन भाग केले.